बेटाचा मध्य कुठे असतो? : नॉर्वेच्या हिन्नोया बेटाचा एक पाठ



'भूरूपे आणि मानवी वस्ती' हा घटक आपण सगळेच शिकवतो. फळ्यावर दोन वाक्यं लिहितो. 'मैदानात वस्ती दाट असते, डोंगरात विरळ असते.' 'बेटावरचे लोक इतरांपासून तुटलेले असतात.' मुलं ती पाठ करतात, पेपरात लिहितात, गुण मिळतात. मीही बरीच वर्षं असंच शिकवत आलो. पण एकदा एका बेटाचा कोरा नकाशा वर्गात वाटला आणि दुसऱ्या वाक्याबद्दल माझीच खात्री डळमळली. तो पाठ इथे मांडतो आहे. शेवटी वर्गात करून पाहण्याच्या कृतीही दिल्या आहेत.

मुलांनी ठिपका कुठे दिला?

बेट होतं नॉर्वे देशाचं हिन्नोया. 'ओया' म्हणजे नॉर्वेच्या भाषेत बेट. मुलांना फक्त किनाऱ्याची रेघ असलेला नकाशा दिला आणि सांगितलं, "या बेटावर एकच मोठं शहर आहे. ते कुठे असेल, तिथे ठिपका द्या."

जवळजवळ सगळ्यांनी ठिपका बेटाच्या बरोबर मधोमध दिला. कारण विचारलं तर उत्तर तयार होतं, "सर, सगळ्यांना सारखंच जवळ पडेल ना!" तर्क चुकीचा नव्हता. आपल्याकडे तालुक्याचं गाव मध्ये, चारी बाजूंनी रस्ते येऊन मिळालेले, असंच चित्र मुलांच्या डोळ्यांसमोर असतं. प्रत्यक्षात हार्स्टाड हे शहर बेटाच्या ईशान्येला, अगदी पाण्याच्या काठावर आहे. आणि मुलांनी जिथे ठिपके दिले होते तिथे डोंगर, दलदल आणि तळी आहेत.

मग पुढचा प्रश्न आला, "सर, मग हे लोक कडेकडेला का राहतात?" पुढचा सगळा पाठ म्हणजे या प्रश्नाचं उत्तर.

आधी बेट पाहू

हिन्नोया नॉर्वेच्या उत्तर भागात आहे, साधारण ६८.५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही बरंच वर. क्षेत्रफळ सुमारे २,२०४ चौरस किलोमीटर. स्वालबार्ड द्वीपसमूह सोडला तर नॉर्वेचं हे सर्वांत मोठं बेट. मुलांना अंदाज यावा म्हणून गोव्याशी तुलना करा. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे हे बेट गोव्याच्या सुमारे तीन पंचमांश. पण गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांहून अधिक होती, तर हिन्नोयावर राहतात सुमारे ३२ हजार माणसं. त्यांतली निम्म्याहून जास्त एकट्या हार्स्टाड शहरात.

बेटाची बाह्यरेषा पाहा. ती सरळ नाहीच. हिमयुगातल्या हिमनद्यांनी खोल दऱ्या कोरल्या, बर्फ वितळल्यावर त्यांत समुद्र शिरला आणि फियॉर्ड तयार झाले. उत्तरेकडून गुलेसफियॉर्ड आत घुसतो, दक्षिणेकडून कान्स्टाडफियॉर्ड आणि ओक्सफियॉर्ड. सुक्या पानाच्या कडा कुरतडलेल्या असाव्यात तसं हे बेट दिसतं. त्यामुळे बेट मोठं असूनही खाऱ्या पाण्यापासून फार लांब असलेली जागा सापडणं कठीण.

नैर्ऋत्येकडचा भाग उभ्या सुळक्यांचा आहे. तिथलं मॉयसालेन हे १,२६२ मीटर उंचीचं शिखर बेटावरचं सर्वांत उंच. आकडा ऐकून मुलं म्हणतील, "एवढंच? कळसूबाई तर १,६४६ मीटर आहे!" इथे थांबून समजावायला हवं. कळसूबाईचा पायथाच समुद्रसपाटीपासून काही शे मीटर वर आहे. मॉयसालेनचा डोंगर थेट फियॉर्डच्या पाण्यातून उठतो. शिवाय इतक्या उत्तरेला काही शे मीटर वर गेलं की भूर्जाची झाडंही संपतात. वर नुसता खडक, शेवाळ आणि बर्फ. या परिसराला २००३ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

ईशान्येचा भाग त्यामानाने सौम्य आहे. तिथले डोंगर बुटके, खडक मऊ, माती बरी. हिमयुगात या जमिनीवर बर्फाचं प्रचंड ओझं होतं. ते उतरल्यावर जमीन हळूहळू वर आली आणि पूर्वीचे समुद्रकिनारे पायऱ्यांसारखे पाण्याच्या वर राहिले. डोंगर आणि पाणी यांच्यामधली ही अरुंद सपाट पट्टी हीच इथली शेतजमीन आणि गावठाण.

म्हणजे फळ्यावरचं पहिलं वाक्य इथे खरं ठरतं. दुसऱ्याचं काय, ते आता पाहू.

इतक्या उत्तरेला माणूस राहतो कसा?

याच अक्षांशावर ग्रीनलंडमध्ये बर्फाची जाड चादर आहे. सायबेरियातलं व्हर्खोयान्स्क जवळपास याच अक्षांशावर, आणि तिथे जानेवारीचं सरासरी तापमान उणे ४० अंशांच्याही खाली असतं. हार्स्टाडला मात्र जानेवारीची सरासरी शून्याच्या थोडीच खाली. फरक पाडतो तो समुद्र. अटलांटिक महासागरातला उबदार प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे वाहतो, त्यामुळे इथलं समुद्राचं पाणी हिवाळ्यातही गोठत नाही.

याचे दोन अर्थ होतात. एक, किनाऱ्याला घर करता येतं. दुसरा त्याहून महत्त्वाचा. बारा महिने होडी चालवता येते.

थंडी सुसह्य असली तरी अंधार आहेच. डिसेंबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला काही आठवडे सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. दुपारच्या सुमारास काही तास निळसर उजेड पडतो, तेवढाच. याउलट मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही. क्वेफियॉर्ड भागात उन्हाळ्यात स्ट्रॉबेरी पिकते आणि ती प्रसिद्धही आहे. उन्हाळा छोटा, पण उजेड चोवीस तास. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे हे शिकवताना हे उदाहरण मुलांना चटकन पटतं.

धान्यासाठी निघालेला भाचा

हार्स्टाडला लागूनच ट्रोंडेनेस नावाची जागा आहे. तिथे पंधराव्या शतकात पूर्ण झालेलं दगडी चर्च आजही उभं आहे. मध्ययुगातली जी दगडी चर्च टिकून आहेत, त्यांत हे सर्वांत उत्तरेकडचं. त्याच्याही आधी, व्हायकिंग काळात, इथे एका बड्या सरदार घराण्याचं ठाणं होतं.

या घराण्याची एक गोष्ट स्नोरी स्टुर्लुसन या आइसलँडच्या लेखकाने तेराव्या शतकात लिहून ठेवली आहे. घटना त्याच्या आधी दोनशे वर्षांची, त्यामुळे तपशील गोष्ट म्हणूनच घ्यायचे. पण तिच्यातला भूगोल पक्का आहे.

ट्रोंडेनेसच्या तरुण सरदाराचं नाव आस्ब्योर्न. वर्षाला तीन मोठ्या मेजवान्या द्यायच्या, ही वडिलांपासूनची रीत. पण लागोपाठ पिकं बुडाली. इतक्या उत्तरेला धान्य म्हणजे सातू, आणि तोही जेमतेम पिकणारा. घरात धान्य नाही, पण रीत मोडवत नाही. मग तो जहाज घेऊन निघाला, हजार किलोमीटरहून दूर, दक्षिणेला सोला इथे राहणाऱ्या आपल्या मामाकडे. अडचण अशी की ओलाफ राजाने दक्षिणेतलं धान्य उत्तरेकडे विकायला बंदी केली होती. मामाने पळवाट काढली. बंदी आपल्याला आहे, आपल्या गुलामांना नाही. त्यांच्याकडून विकत घे! भाच्याने जहाज भरलं. पण वाटेत राजाच्या कारभाऱ्याने ते अडवलं, धान्य उतरवून घेतलं आणि जहाजाचं चांगलं शीडही काढून घेऊन जुनं फाटकं शीड दिलं. पुढच्या वसंतात आस्ब्योर्न परत गेला आणि त्याने त्या कारभाऱ्याला राजासमोरच ठार केलं. त्यातून वैर वाढत गेलं.

मुलांना ही गोष्ट आवडते. ती संपली की एकच प्रश्न विचारा, "आस्ब्योर्न तुटलेल्या बेटावर राहत होता का?" धान्य संपल्यावर हजार किलोमीटरवरच्या मामाकडे जायचं त्याला सुचतं. राजाची बंदी त्याच्यापर्यंत पोचते. ज्याचा कोणाशी संबंधच नाही त्याच्यावर बंदी घालायची गरज काय?

अर्धा शेतकरी, अर्धा कोळी

पुढची कित्येक शतकं या किनाऱ्यावरचं कुटुंब दोन पायांवर उभं होतं. एक पाय त्या अरुंद पट्टीत: दोनचार गाई, मेंढ्या, वैरणीचं गवत, थोडा सातू, नंतर बटाटा. दुसरा पाय समुद्रात. दर हिवाळ्यात कॉड मासे बॅरेंट्स समुद्रातून वेस्टफियॉर्डच्या पाण्यात अंडी घालायला येतात. जानेवारी ते एप्रिल पुरुषमंडळी उघड्या होड्या घेऊन शेजारच्या लोफोटेन बेटांकडे जात. घर, गोठा, मुलं, म्हातारी माणसं सगळं बायका सांभाळत. शेतीचा कारभार खऱ्या अर्थाने त्यांच्याच हातात असे.

अशा कुटुंबाला घर कुठे हवं? होडी ओढता येईल अशा किनाऱ्याजवळ. शेजारी कोण? डोंगरापलीकडचा माणूस शेजारी नाही. समोरच्या बेटावरचा, पाण्यापलीकडचा माणूस शेजारी. लग्नं तिथे जुळत, चर्चला तिथे जायचं, बाजारही तिथेच.

इथे सामी लोकांचाही उल्लेख करायलाच हवा. ते या प्रदेशाचे मूलनिवासी. त्यांच्या भाषेत बेटाचं नाव ईन्नासुओलू. फियॉर्डच्या काठाने सामी लोक मासेमारी आणि थोडी शेती करून राहत, आणि बेटावर आजही रेनडिअर चरायला असतात. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढची सुमारे शंभर वर्षं सरकारने त्यांना 'नॉर्वेजियन' बनवण्याचं धोरण राबवलं. त्याचं मुख्य हत्यार होतं शाळा. १८९८ च्या सरकारी आदेशाने वर्गात सामी भाषेचा वापर अगदी किमान करून टाकला. अनेक घरांत एकदोन पिढ्यांत भाषा बंद झाली. या सगळ्याबद्दल नॉर्वेच्या संसदेने २०२४ मध्ये माफी मागितली. शिक्षक म्हणून हा भाग मला गाळवत नाही. नकाशावर वस्तीचा ठिपका दिसतो, त्या घरात कोणती भाषा बोलली जायची हे दिसत नाही.

पाण्याच्या भोवती आखलेल्या सीमा

आता या पाठातला माझा सर्वांत आवडता पुरावा. हिन्नोया हे एक बेट, पण ते दोन जिल्ह्यांत विभागलं आहे: त्रोम्स आणि नोर्लांड. आणि स्थानिक पालिका, ज्यांना तिकडे 'कोमून' म्हणतात, त्या एक नाही, आठ! हार्स्टाड, क्वेफियॉर्ड, त्येल्डसुंड, लोडिंगेन, सोर्टलांड, हाड्सेल, आंडोय आणि वोगान. या आठांपैकी फक्त तिघांचं मुख्य ठिकाण हिन्नोयावर आहे: हार्स्टाड, क्वेफियॉर्ड आणि लोडिंगेन. सोर्टलांडचं मुख्य ठिकाण समोरच्या लांगोया बेटावर, आंडोयचं आंडोया बेटावर, हाड्सेलचं हाड्सेलोयावर, वोगानचं आउस्टवोगोयावर आणि त्येल्डसुंडचं तर मुख्य भूमीवर.

पहिल्यांदा पाहिलं तर हा गोंधळ वाटतो. एका बेटाचे इतके तुकडे कशाला? नकाशा पुन्हा पाहा, पण या वेळी जमिनीऐवजी पाण्याकडे. सोर्टलांड पालिका सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवर आहे. हाड्सेलच्या वाट्याला तर चार बेटांचे भाग आले आहेत, एकाच पाण्याभोवतीचे. पाणी मधलं अंगण आणि दोन्ही काठांवर घरं, असा तो हिशोब आहे. सीमा जाते ती डोंगराच्या माथ्यावरून, कारण लोकांना वेगळं करणारा होता तो डोंगर.

मुलांनी बेटाच्या मधोमध जो ठिपका दिला होता, तो इथे येऊन सुटतो. या लोकांचा 'मध्य' जमिनीवर नव्हताच.

बोट आली, मग पूल आले

१८९३ मध्ये रिकार्ड व्हिट या वेस्टेरोलेन भागातल्या कप्तानाने ट्रोंढाइम ते हॅमरफेस्ट अशी नियमित आगबोट सुरू केली. रात्री आणि हिवाळ्याच्या अंधारात या खडकाळ पाण्यातून वेळापत्रकाने बोट नेता येणार नाही, असं अनेकांचं मत होतं. व्हिटने दिशा, वेग आणि वेळ यांच्या बारीक नोंदी ठेवल्या होत्या, त्यांच्या बळावर तो निघाला. हीच पुढे 'हुर्टिगरूटेन', म्हणजे जलद मार्ग, म्हणून प्रसिद्ध झाली. १९२२ मध्ये हिन्नोया आणि आंडोया यांच्यामधली उथळ खाडी खणून बोटींसाठी रिसोय कालवा खुला झाला.

हार्स्टाड वाढलं तेही पाण्यामुळेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळच्या पाण्यात हेरिंग माशांचे प्रचंड थवे येऊ लागले. मासे, मीठ, पिंपं, व्यापारी, जहाजदुरुस्ती सगळं वाढलं आणि १९०४ मध्ये हार्स्टाडला शहराचा दर्जा मिळाला.

मग मोटारी आल्या आणि चित्र हळूहळू उलटू लागलं. १९६७ मध्ये त्येल्डसुंडवर सुमारे एक किलोमीटर लांबीचा पूल झाला आणि हिन्नोया मुख्य भूमीला जोडलं गेलं. १९७४ मध्ये आंडोयाकडे, १९७५ मध्ये लांगोयाकडे, १९९८ मध्ये राफ्टसुंडवरून आउस्टवोगोयाकडे पूल झाले. २००७ मध्ये बोगद्यांसह नवा रस्ता पूर्ण झाला आणि लोफोटेनपर्यंत बोटीत न चढता गाडीने जाता येऊ लागलं. आजारी माणसाला रुग्णालयात नेणं, ताजे मासे लवकर बाजारात पाठवणं, मुलांनी पुढच्या शिक्षणाला जाणं, सगळं सोपं झालं. पुलाचे हे फायदे मोठे आहेत, ते मुलांना आधी सांगा.

आता दुसरी बाजू. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला, राफ्टसुंडच्या तोंडाशी, डिगरमुलेन नावाचं गाव आहे. बोटींच्या काळात ते हमरस्त्यावर होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशी पाहुण्यांच्या बोटी इथे थांबत. जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्मही इथे येऊन गेला, आणि तिथल्या ३८४ मीटर उंच टेकडीला आजही त्याच्यावरून 'कायसरवार्डेन' म्हणतात. आज तेच डिगरमुलेन महामार्गापासून फुटलेल्या एका फाट्याच्या अगदी शेवटी आहे. हुर्टिगरूटेनच्या बोटी राफ्टसुंडमधून जातात, पण डिगरमुलेन त्यांच्या थांब्यांत नाही.

गाव जागचं हललेलं नाही. डोंगर तेच, पाणी तेच. बदलली ती वाट. उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर असं अनेक वस्त्यांचं झालं. रस्ता जिथे पोचला नाही किंवा उशिरा पोचला, तिथली तरुण मंडळी निघून गेली, मुलं कमी झाली, मग शाळा, मग दुकान. काही ठिकाणी आता फक्त उन्हाळ्यात दारं उघडतात.

आणि तरीही डोंगराने पूर्ण हार मानलेली नाही. आजही हार्स्टाडहून वेस्टेरोलेनकडे थेट निघालात तर रेफ्सनेस ते फ्लेसनेस गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. ही दोन्ही ठिकाणं हिन्नोयावरच आहेत! एकाच बेटावर इथून तिथे जायला बोट, आणि शेजारच्या बेटावर जायला पूल. हे ऐकून वर्गात हशा पिकतो. पण हसता हसता मुलं नकाशावर बोट फिरवून गुलेसफियॉर्ड शोधतात, आणि मला तेच हवं असतं.

फळ्यावरचं वाक्य दुरुस्त करताना

त्या दिवशी तास संपताना मी फळ्यावरचं दुसरं वाक्य पुसलं आणि मुलांनाच नवीन लिहायला सांगितलं. बऱ्याच चर्चेनंतर त्यांनी लिहिलं, "गाव दुर्गम आहे की नाही, हे लोक कशाने प्रवास करतात त्यावर ठरतं." पुस्तकातल्या वाक्यापेक्षा मला हे बरं वाटलं.

'दुर्गम' हा शब्द आपण फार सहज वापरतो. एखाद्या गावाच्या नशिबातच ते लिहिलेलं आहे, असं मुलांना वाटतं. त्या गावातून आलेल्या मुलालाही तसंच वाटू लागतं. रस्ता कुठून न्यायचा, बोट कुठे थांबवायची, शाळा कुठली चालू ठेवायची हे माणसं ठरवतात, आणि त्यातून एखादं गाव जवळचं होतं, एखादं लांबचं. भूगोलाच्या तासाला हे कळलं तर नागरिकशास्त्राचा निम्मा पाठ तिथेच होतो.

वर्गात आणि घरी करण्यासारखं

१. बेटाची बाह्यरेषा देऊन मुलांना आधी अंदाजाने शहर आणि पाच गावं दाखवायला सांगा. नंतर खऱ्या नकाशाशी ताडून पाहा. चुकीच्या अंदाजाला गुण कापू नका, कारण विचारा.

२. नेहमी आपण समुद्र निळा रंगवून सोडून देतो. एकदा उलटं करा. जमीन कोरी ठेवा आणि पाण्यावर वाटा काढा. कोणती गावं एकमेकांच्या जवळ आली?

३. दोऱ्याने अंतर मोजा. बेटावरच्या दोन ठिकाणांमधलं अंतर आधी पाण्यावरून, मग किनाऱ्याच्या कडेने. फरक वहीत लिहा.

४. आस्ब्योर्नची गोष्ट तीन गटांत नाट्यरूपात करा: राजा, मामा, भाचा. राजाने धान्यबंदी का केली असेल, यावर राजाच्या गटाला बोलू द्या.

५. पालकांसाठी: घरातल्या आजीआजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी बाजाराला, शाळेला, दवाखान्यात कुठल्या वाटेने आणि कशाने जात. ती वाट आज कोण वापरतं? मुलाला तिचा नकाशा काढू द्या.

पाचवी कृती नक्की करा. माझ्या वर्गात त्या दिवशी सर्वांत चांगले नकाशे त्याच मुलांनी आणले, जी एरवी भूगोलाच्या तासाला मागच्या बाकावर गप्प बसलेली असतात.